कलिंगडवाल्या आबांची भिंत

पिंपळीच्या जोतीराम आबांच्या उजव्या हाताचं मधलं बोट पेरापाशी जरा जाड आहे. चाळीस वर्षं कलिंगडं वाजवून ते तसं झालं आहे. आबा फळ उचलून बघत नाहीत, देठ तपासत नाहीत. वाकतात, वाकड्या बोटानं दोनदा ठोकतात आणि पुढं सरकतात. टण वाजलं तर कच्चं. बद्द वाजलं तर पिकलं. डब डब वाजलं तर आतून गेलं. एवढ्या तीन आवाजांवर त्यांनी दोन लेकींची लग्नं केली, मुलगा सूरजला इंजिनियर केलं आणि कॅनॉलच्या कडेला स्लॅबचं घर बांधलं.

फक्त हे बोट कलिंगडापाशी थांबत नाही. आबा नारळ वाजवतात, माठ वाजवतात, दुसऱ्याच्या मोटरसायकलची टाकी वाजवतात. बारामतीत बँकेत गेले तर काउंटरचं लाकूड वाजवून मग स्लिप भरतात. सूरजसाठी इंदापूरला मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी त्या घराची चौकट वाजवली, बसायला दिलेला दिवाण वाजवला, पाण्याचा तांब्या रिकामा झाल्यावर तोही वाजवला. मुलीचे वडील मोहनराव पुढं सांगायचे, “मला वाटलं, आता माझ्या डोक्यावर येत्यात.” पण घर बद्द वाजलं असावं. सोनल या घरची सून झाली.

आबांची दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा आवाज. कॅनॉलच्या पाण्याची पाळी आली की वरच्या टोकाला उभं राहून खालच्या टोकाच्या माणसाला “सोडलं” म्हणून सांगायचं, आणि मधे सात एकर ऊस. अशा रानात जो गळा तयार झाला तो पुढं मोबाईल आला म्हणून बदलला नाही. फोनवरचा त्यांचा आवाज अंतरावर ठरतो. बारामतीला मध्यम, पुण्याला मोठा. वाशीच्या मार्केटला फोन लावायचा असला की आबांच्या पत्नी कौसल्याकाकू आधी गाय गोठ्याच्या पलीकडच्या खुंट्याला बांधतात, कारण त्या आवाजानं दचकून ती दूध चोरते.

मी बारामतीहून दर उन्हाळ्यात कलिंगडाला आबांकडं जातो, म्हणून हे सगळं मला घरच्यासारखं माहीत. भिंतीचं प्रकरणही मी निम्मं काकूंच्या तोंडून ऐकलं. उरलेलं निम्मं माझ्या पाठीनं अनुभवलं.

सोनल पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून काम करते. वॉशिंग मशीन बिघडलेल्या लोकांचे फोन घ्यायचे, त्यांचं ऐकून घ्यायचं, आणि मेकॅनिक कधी येईल ते सांगायचं. कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप, आणि मागं आबा. एकदा नाशिकच्या एक बाई मशीनमधून पाणी गळतंय म्हणून सांगत होत्या. इकडं आबा ओसरीवरून काकूंना ओरडले, “आगं, आधी पाणी बंद कर की.” बाईंनी तिकडं नळ बंद केला आणि गळती थांबली. त्यांनी कंपनीला चांगला अभिप्राय दिला, शेवटी एक ओळ लिहून: ‘मागे बसलेले वयस्कर साहेब फार अनुभवी वाटले.’ दुसऱ्या एका गृहस्थांनी तक्रार अर्धी सोडून कलिंगडाचा भाव विचारला.

तिसऱ्या वेळी मात्र पुण्याच्या तिच्या वरिष्ठ मॅडमनी सोनलला सांगितलं, की तुझं काम उत्तम आहे, पण पाठीमागचा आवाज चालणार नाही. मार्चच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी अकरापासून एक तास मी स्वतः तुझे कॉल ऐकत बसेन. आवाज आला तर एक तारखेपासून पुण्याच्या ऑफिसात यायचं.

हे सोनलनं रात्री जेवताना सांगितलं. सूरजची नोकरी बारामतीच्या एमआयडीसीत. सोनल पुण्याला म्हणजे त्यांची लेक छकुली पुण्याला, आणि मग सूरजही शनिवार-रविवारचा पाहुणा. छकुली चार वर्षांची. ती तेव्हा आबांच्या मांडीवर बसून त्यांच्या ताटातली भाकरी वाजवून बघत होती.

आबांनी तिच्या पुढ्यात भाकरीचा तुकडा मोडून ठेवला. मग म्हणाले, “खोली बांधू.”

आबांचा हॉल म्हणजे साखरपुडा घरातच व्हावा या हिशेबानं बांधलेला हॉल. त्याच्या टोकाला जिन्याशेजारी एक कोपरा आत गेलेला आहे. तिन्ही बाजूंनी विटांच्या भिंती, चौथी बाजू उघडी. नवे गहू आले की पोती तिथं लागायची. ती चौथी बाजू बंद केली की सोनलची खोली तयार. आबांनी डाळजच्या महिपती मिस्त्रीला बोलावलं.

महिपती पंचवीस वर्षं लाकडात मुरलेला सुतार. कानावर पेन्सिल, बोलणं कमी. डाळज उजनीच्या पाण्यापासून जवळ. मिस्त्रीच्या स्वतःच्या घराचा दरवाजा आषाढात फुगून बसतो तो दसऱ्याला हलतो, आणि तोवर घरची माणसं मागच्या दारानं ये-जा करतात, हे तो स्वतःच सांगतो.

आबांची तयारी झालेली होती. मागच्या वर्षी वादळात बांधावरचा कडुलिंब पडला होता. आबांनी तो भिगवणच्या वखारीत कापून आणला होता आणि कडब्याखाली झाकून ठेवला होता. “घरचं लाकूड घरात लागलं पायजे,” हे त्यांचं म्हणणं. त्यांनी कडबा बाजूला केला, एका तुळईवर बोट वाजवलं आणि मिस्त्रीकडं बघितलं.

“घ्या. ह्याचा सांगाडा करा, दोन्ही अंगानं बोर्ड मारा. शंभर वर्षं हलायची न्हाय.”

मिस्त्रीनं तुळई एका टोकानं उचलून नजरेनं सरळपणा बघितला. “आबा, हिनं आत्ताच मान वळवलीया. अजून वली हाय. सांगाडा केला तर पावसाळ्यापतोर भिंतीला पोटं सुटत्याल.”

“मग?”

“पत्र्याचं चॅनेल घालू. जस्ताचं. खाली-वर पट्टी, मधी दोन-दोन फुटावर उभी. चार दिसांत सांगाडा उभा.”

आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तू सुतार ना रं? सुतार असून पत्रा सांगतोस? उद्या गुरव म्हनंल, देवळात देव नको.”

“माझं पोट लाकडावरच हाय आबा. तुमच्या घरात चौकटी लावल्या त्या मीच. पर ही भिंत कशापायी करायची? आवाज अडवायला, व्हय ना? मग हितं कान लावा.”

त्यानं आबांना तुळईच्या एका टोकाशी उकिडवं बसवलं आणि लाकडाला कान टेकवायला लावला. कौसल्याकाकूंच्या अंबाड्यातला आकडा मागून घेतला, दुसऱ्या टोकाला गेला, आणि त्या आकड्यानं लाकडावर हळूच ओरखडा काढला. बारा फुटांवर. बघणाऱ्याला काही ऐकू येईना. आबांनी मात्र कान दचकून मागं घेतला.

“आयला. कानात उंदीर शिरल्यागत वाजलं.”

“आकड्याचा येवढा. तुमचा तर आवाज हाय.” मिस्त्री हात झटकत म्हणाला. “लाकूड ताठ. हिकडच्या बोर्डावर आवाज आदळला की ते तसाच तिकडच्या बोर्डाला ढकलतं. चॅनेल म्हंजी पातळ पत्र्याची घडी. आवाज आला की जरा लवतं, त्यातच त्याचा जोर मोडतो. आणि मधल्या पोकळीत वूल भरायचं. गादीवानी येतं, पुण्याहून. राहिलेला आवाज ते गिळतं.”

“माझा आवाज गिळंल?”

“त्याची ग्यारंटी न्हाय,” कौसल्याकाकू आकडा परत अंबाड्यात खोचत म्हणाल्या. “बेचाळीस वर्षं मी गिळतीया, अजून संपला न्हाय.”

सोनल दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, “आबा, गुरुवारला आठ दिवस राहिलेत.” लिंब परत कडब्याखाली गेला.

आबांनी पत्र्याला होकार दिला खरा, पण मनानं दिला नाही. चॅनेलची मोळी आली तेव्हा त्यातलं एक उचलून त्यांनी दोन बोटांत दाबलं. ते किंचित लवलं. आबांनी ते खाली ठेवून दिलं, जसं एखाद्या कच्च्या गिऱ्हाइकाला भाव सांगून आपण दुसरीकडं बघतो तसं. पुढचे चार दिवस मिस्त्री ओळंबा सोडत, पट्ट्या ठोकत होता आणि आबा मागं हात बांधून येरझाऱ्या घालत होते. सांगाडा उभा राहिला. खोलीच्या आतल्या बाजूनं पांढरीशुभ्र जिप्समची बोर्डं लागली. प्लगच्या खटक्यासाठी खाली मूठभर चौकोन कापला. दरवाजा बसला. फक्त वूल आलं नाही. गाडी वाटेत कुठं अडकली होती, आज येते उद्या येते चाललं होतं.

मंगळवारी संध्याकाळी मिस्त्री म्हणाला, “हॉलच्या अंगाची बोर्डं मी चार-चार स्क्रूवर नुसती टांगून ठेवतो. वर हातभर फट ऱ्हाऊ द्या. वूल आलं की खोलून भरीन आणि मग पक्की करीन. तवर भिंतीला कुणी हात लावू नका. टेकू पण नका.” हे तो आबांकडं बघूनच म्हणाला.

बुधवारी सकाळी इंदापूरहून मोहनराव आले, पेरूची पेटी घेऊन. लेकीची खोली बघायला. मोहनराव शांत माणूस, पण आबांच्या सहवासात राहून त्यांनाही थोडी सवय लागली होती. त्यांनी भिंतीवर बोट वाजवलं.

डब डब.

मोहनरावांनी बोट पुढं नेऊन पुन्हा वाजवलं. डब डब. मग अगदी हळू म्हणाले, “आबा, पोकळ लागतीया.”

व्याह्याच्या तोंडून हे ऐकणं म्हणजे काय, ते ज्यांना व्याही आहेत त्यांनाच कळेल. आबांनी स्वतः वाजवून बघितलं. चॅनेलवर बोट पडलं तर टक, बाकी सगळीकडं डब डब. एवढ्या वर्षांच्या अनुभवानं सांगायचं तर ही भिंत आतून गेली होती. असलं फळ आबा गाडीत भरत नाहीत, बांधावर टाकून देतात.

जेवण करून मोहनराव गेले. कौसल्याकाकू छकुलीला घेऊन बारामतीला बाजाराला गेल्या. सोनल घराच्या मागच्या खोलीत फोनवर. हॉलमध्ये आबा, भिंत आणि गव्हाची पोती. या पोत्यांचं सांगायचं राहिलं. कोपऱ्याची खोली झाल्यामुळं त्यांना जागा उरली नव्हती. आठ दिवस ती हॉलच्या मधोमध पडून होती आणि काकू येता-जाता त्यांना ठेचकाळून आबांना बोलत होत्या.

आबांनी आधी पोत्यांकडं बघितलं. मग भिंतीच्या वरच्या हातभर फटीकडं बघितलं.

त्यांचा विचार नंतर त्यांनी मला समजावून सांगितला, आणि खरं सांगतो, तो ऐकताना मला कुठंच चुकीचा वाटला नाही. पोकळी भरायची आहे. वूल आलेलं नाही. वूल हलकं, गहू जड. जड वस्तूतून आवाज जात नाही, पोत्यांच्या थप्पीमागं बोललेलं कुणाला ऐकू आलंय? पोत्यांची अडचण जाईल. भिंत भरीव वाजेल. आणि लागंल तसं खालून गहू काढता येतील. “जुन्या काळी कणगी असायची का न्हाय घरात? मग ही उभी कणगी,” आबा म्हणाले.

त्यांनी शिडी लावली. प्लगच्या चौकोनात आतल्या बाजूनं एक फडकं गच्च कोंबलं, आणि घमेल्यानं गहू वरून सोडायला सुरुवात केली. दुपारच्या उन्हात, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, शिडीवरून चढ-उतार करत त्या माणसानं साडेचार पोती गहू भिंतीत भरले. वरची फट कौसल्याकाकूंच्या वाकळेनं बुजवली. खाली उतरले आणि वाजवून बघितलं.

बद्द.

आबा खुर्ची घेऊन भिंतीसमोर बसले, आणि संध्याकाळ होईपर्यंत नुसते तिच्याकडं बघत राहिले. काकूंनी आल्यावर विचारलं, “पोती कुठं गेली?” आबा म्हणाले, “लावली जाग्यावर.” आपला नवरा सांगितल्याशिवाय पोती हलवतो हे काकूंना इतकं नवीन होतं, की त्यांनी पुढं चौकशी केली नाही.

गुरुवारी मी कलिंगडं न्यायला गेलो तेव्हा अकराला पाच कमी होते. घरात शांतता. गाय पलीकडच्या खुंट्याला. कुकरची शिट्टी काढून ठेवलेली. छकुलीला शेजारी पाठवलेलं. आबा ओसरीवर बसलेले, ओठ मिटून, बोटं एकमेकांत अडकवून. मी “राम राम आबा” म्हणालो तर त्यांनी हातानंच गप्प बसवलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा आबांनी मला शब्दाशिवाय बसायला सांगितलं. मी हॉलमध्ये बसलो. सोनल पाण्याची बाटली घेऊन आत गेली आणि दरवाजा लागला.

पहिली वीस मिनिटं नीट गेली. आतून काही ऐकू येत नव्हतं, म्हणजे आतही काही ऐकू जात नसणार. आबा हळूच हॉलमध्ये आले, भिंतीकडं बघून समाधानानं मान हलवली, आणि तसेच मान हलवायचे थांबले.

भिंतीला पोट सुटलं होतं. मधल्या बोर्डाचा खालचा भाग चांगला चार बोटं पुढं आला होता. आम्ही बघत असतानाच एक स्क्रू बोर्डातून सुटला आणि टुणकन फरशीवर पडला. त्यामागून गव्हाची एक बारीक धार लागली.

आबा काय झालं ते ओरडून सांगतील असं मला वाटलं. तोंड उघडलंही होतं. त्यांनी ते तसंच मिटलं, दोन ढांगा टाकल्या, भिंतीकडं पाठ केली, खाली बसले आणि त्या पोटाला पाठ लावली. दिवसभर औत ओढलेल्या बैलासारखं तोंड करून त्यांनी मला खूण केली. मीही त्यांच्याशेजारी पाठ लावून बसलो. स्वयंपाकघरातून काकू आल्या, आम्हा दोघांना बघितलं, फरशीवरचे गहू बघितले, आणि बेचाळीस वर्षांच्या संसारात माणसाला जे कळतं ते सगळं त्यांना एका नजरेत कळलं. पदर खोचून त्या तिसऱ्या बोर्डापाशी येऊन बसल्या. बसता बसता आबांकडं असं बघितलं, की ते शब्दांत असतं तर मॅडमना पुण्यात फोनशिवाय ऐकू गेलं असतं.

आतली हकीकत सोनलनं नंतर सांगितली. ती औरंगाबाद रोडच्या कुणा गृहस्थांना मेकॅनिकची वेळ सांगत होती, इतक्यात टेबलाखाली प्लगच्या चौकोनातलं फडकं सुटलं आणि गहू वाहायला लागले. सर्र करून. नव्या कोऱ्या फरशीवर. तिनं खाली बघितलं. भिंतीतून गहू येतायत हे समजायला शहाण्या माणसालाही थोडा वेळ लागतो. गृहस्थांचा कॉल संपला, आणि मधल्या मोकळ्या मिनिटात मॅडमचा आवाज आला.

“सोनल, तो आवाज कसला? पाऊस आहे का तुमच्याकडे?”

“हो मॅडम,” सोनल म्हणाली.

“मार्चमध्ये?”

“अवकाळी आहे मॅडम.” आणि तिनं उजव्या पायाची टाच त्या चौकोनावर दाबून धरली. “थांबला बघा.”

“बरं. शेतकऱ्यांचं अवघड झालंय बाई,” मॅडम म्हणाल्या आणि पुढचा कॉल जोडला.

उरलेली पस्तीस मिनिटं भिंतीच्या एका बाजूला सोनलची टाच आणि दुसऱ्या बाजूला आमच्या तीन पाठी. एकमेकांना कुणाचंच काही माहीत नाही. साडेअकराच्या सुमाराला आबांच्या खिशातला फोन थरथरायला लागला. घंटी बंद करायची हुशारी काकूंनी सकाळीच दाखवली होती. आबांनी फोन काढून बघितला. संभाजी, वाशीला माल नेणारा व्यापारी. रानात दोन गाड्या माल तोडून पडलेला, आणि भाव ठरायचा तो याच फोनवर. आबांनी फोन माझ्यापुढं धरला, मग काकूंपुढं धरला, आणि शेवटी स्वतःच्या मांडीखाली सारून वर बसले. तो थरथरत होता तोवर आबाही थोडे थरथरत होते. पुन्हा थरथरला. पुन्हा. आबांनी डोळे मिटून घेतले.

बारा वाजून दोन मिनिटांनी दरवाजा उघडला. सोनल बाहेर आली. आधी तिनं आम्हाला बघितलं, मग तिच्या पायामागून घरंगळत आलेले गहू बघितले.

आबांनी विचारलं, “झालं का गं?”

हे त्यांनी अगदी हळू विचारलं. आजारी माणसाच्या उशाशी बोलतात तसं. आम्ही सगळेच त्यांच्याकडं बघायला लागलो.

“झालं आबा. मॅडम म्हणाल्या, पाऊस सोडला तर काही आवाज नाही. घरूनच कर म्हणाल्या.”

“अवो,” काकू भिंतीला टेकूनच म्हणाल्या, “ह्यो आवाज तुमच्याकडं पयल्यापासनं होता?”

आबा उत्तर देणार तेवढ्यात अंगणात मोटरसायकल थांबली आणि संभाजी धावतच आत आला. मागं आणखी दोघं. आबा फोन उचलत नाहीत, आणि रस्त्यावरून जाताना घरातून एक शब्द ऐकू येत नाही, म्हणून तो घाबरून आला होता. आबांना भिंतीशी बसलेलं आणि भोवती गहू सांडलेले बघून त्याचा चेहराच उतरला. “काकू, डॉक्टरला फोन केला का?”

“त्यास्नी काय झालं न्हाय,” काकू म्हणाल्या. “भिंतीला झालंय. ये, तू बी पाठ लाव.”

भाव तिथंच, भिंतीला टेकून ठरला. संभाजीनं नंतर कबूल केलं, की आबा जिवंत दिसल्याच्या आनंदात त्यानं थोडा जास्तच दिला.

वूल शुक्रवारी आलं, आणि त्याच्याबरोबर मिस्त्री. त्यानं पोट सुटलेली भिंत बघितली, खाली पडलेले स्क्रू उचलले, वाकळ खेचून काढली, आणि पेन्सिल कानावरून काढून पुन्हा कानावरच ठेवली.

आबाच सुरू झाले. आवाज आता पूर्ववत होता. “म्हनलं नव्हतं? लिंब घातला असता तर फुगली असती का?”

“आबा, लिंब घाला न्हायतर सागवान घाला. बोर्ड चार स्क्रूवर टांगलेलं. त्यात तुमी पिठाची गिरणी भरलीया.” मिस्त्रीनं बोर्डं उतरवली. गहू हॉलभर पसरले. त्यानं ओळंबा सोडून एकेक चॅनेल तपासलं आणि आबांना बोलावलं. “बघा. साडेचार पोत्यांच्या ओझ्यानं चॅनेल सुताभर सरकलंय का? हाय तितं हाय. तुमी बोटानं दाबलं तवा लवलं म्हनून त्याला नावं ठिवली.”

आबांनी बघितलं. ओळंब्याची दोरी पत्र्याच्या कडेला चिकटून सरळ उभी होती. आबा शेतकरी आहेत, डोळ्यांनी दिसलेलं नाकारत नाहीत. त्यांनी चॅनेलवर बोटानं एकदा वाजवलं, पण ते तपासायला नव्हे. एखाद्याच्या पाठीवर थाप मारावी तसं.

मग मिस्त्रीला काय वाटलं कुणास ठाऊक. म्हणाला, “सोनलताईला भिंतीवर पंखा लावायचाय. नुसत्या बोर्डावर स्क्रू धरत न्हाय, आत लाकूड लागतं. वाळलेलं. हाय का घरात?”

लिंब ओला होता. आबा गोठ्यात गेले आणि बैलांचं जुनं जू घेऊन आले. बाभळीचं, त्यांच्या वडिलांच्या हातचं, पन्नास वर्षं उन्हातान्हात वाळलेलं. मिस्त्रीनं ते दोन चॅनेलच्या मधे आडवं कापून बसवलं, तसूभरही फट न ठेवता. त्याच्याभोवती वूल भरलं, बोर्डं वीतभर अंतरावर स्क्रू मारून पक्की केली, सांध्यांवर पट्टी आणि वर लांबीचा गुळगुळीत लेप. वरची फटही बुजवली. रविवारी रंग सुकला.

त्या रविवारी मी मुद्दाम गेलो. मोहनरावही आले होते. आबांनी सगळ्यांसमोर भिंतीच्या डाव्या टोकापासून सुरुवात केली. बद्द. बद्द. बद्द. पंख्याच्या जागेपाशी टक. “हितं जू हाय,” आबा म्हणाले. पुन्हा बद्द, बद्द, उजव्या टोकापर्यंत. मग बोट खाली घेतलं आणि व्याह्यांकडं वळून म्हणाले, “पिकली.”

मोहनरावांनी वाजवून बघितलं नाही. हे त्यांचं मोठेपण.

पुढं महिनाभर त्या घरच्या चपातीला खडूची किंचित चव होती. छकुली तिला भिंतीची चपाती म्हणायची आणि मागून घ्यायची. अजूनही सोनलनं चार्जर जोरात खुपसला की प्लगमागून दोन-चार दाणे पडतात. ते छकुली चिमण्यांना नेऊन घालते.

त्या रविवारी मी तिथंच मुक्काम केला. सोमवारी सकाळी सोनल आत कामाला बसली. मी जाण्याआधी पाणी प्यायला थांबलो होतो. आबा हॉलमध्ये आले, भिंतीपासून दोन हातांवर उभे राहिले, आणि त्यांनी वाशीला फोन लावला. काकूंना गाय हलवायला वेळच मिळाला नाही. दहा मिनिटं ते वाशीशी बोलले. वळचणीची कबुतरं उडाली. रस्त्यावरचा एक माणूस आपल्यालाच हाक मारली म्हणून वळून आला आणि परत गेला.

फोन संपला. थोड्या वेळानं दरवाजा किलकिला करून सोनलनं डोकं बाहेर काढलं, एका कानावरचा हेडफोन बाजूला करत.

“आबा, वाशीचा फोन अजून व्हायचाय ना? आत्ताच करून घ्या हं. साडेदहाला माझी मीटिंग आहे.”